आमच्या घरचं पाणी

रविवार, २६ जानेवारी

सकाळी सोसायटीचं झेंडावंदन. सेक्रेटरीने दोरीला अशी गाठ मारलेली की झेंडा उघडेचना. मी मागून म्हटलं, "अहो, एनओसी घेतलीत का?" सगळे हसले. सेक्रेटरी नाही हसला.

वर आलो तर मं. वाट बघत बसलेला. मं. म्हणजे मंदार, चिरंजीव. (सु. म्हणजे त्याची आई. पूर्ण नाव दिसलं की वही वाचायला बसते, म्हणून एवढंच.) पुढच्या रविवारी प्रज्ञाचे आईवडील येणार. मं. आणि प्रज्ञा अंधेरीला एकाच ऑफिसात, तीन वर्षं. ठरवलंय त्यांनीच, आम्ही फक्त चहा प्यायचा.

मं. म्हणाला, "बाबा, जरा बेताने हां. साळवे सर शाळेत गणित शिकवायचे. शांत माणूस आहे."

मी काय कुणाला चावतो? सु. म्हणाली, "चावत नाही, ओरबाडता."

आमच्याकडे, वेंगुर्ल्याच्या बाजूला, नाव ठेवल्याशिवाय माणूस आपला होत नाही. वडील गिरणीत होते तेव्हा खोलीत गावची अकरा माणसं, आणि अकराही जणांना दुसरी नावं. कट्ट्यावरच्या परबला मी 'पाच कमी बारा' म्हणतो, मान डावीकडे कललेली म्हणून. तो मला जे म्हणतो ते इथे लिहिता येणार नाही. चाळीस वर्षं दोस्ती आहे. प्रज्ञालाही नाव मिळालंय. माझ्या प्रत्येक गोष्टीला मधेच विचारते, "पण काका, तो कुत्रा नक्की कोणाचा होता?" म्हणून 'वकीलबाई'. तिने मला लगेच 'फितूर साक्षीदार' करून टाकलं. पोरगी झकास आहे.

साळवे मूळचे परभणीकडचे, बौद्ध. मुलुंडला तीस वर्षं राहतात. आम्हाला त्याचं काही नाही. सु.ने पहिल्याच दिवशी सांगितलं, मुलगी हसरी आहे, मला बाकी काही विचारायचं नाही. मलाही आपल्या मनाचा मोठेपणा बघून बरं वाटलं.

रवि., २ फेब्रु.

आले होते. लिफ्ट बंद, चार मजले चढून. सर उंच, सडपातळ, खांद्याला कापडी पिशवी. वहिनी (कुसुमताई) बोलक्या वाटल्या सुरुवातीला.

आज चाललेले विनोद: लिफ्टवरचा ("मुलगी करून घ्यायच्या आधी तब्येत तपासून घेतो आम्ही, पण मुलीच्या बापाची"), वहिनी हसल्या. पोह्यांवरचा, प्रज्ञा हसली. मं.च्या दहावीच्या मार्कांवरचा, सगळे हसले, सर ओठातल्या ओठात.

न चाललेला: सु.ने पाणी आणलं. सर म्हणाले, "नको, आत्ताच प्यायलो." मी म्हटलं, "का हो सर, आमच्या घरचं पाणी चालत नाही की काय?" कोणी हसलं नाही. सरांनी ग्लास उचलला, पूर्ण प्यायले, ट्रेमध्ये ठेवला. त्यानंतर वहिनी विचारलं तेवढंच बोलल्या. अर्ध्या तासात उठले.

माणूस जरा कोरडा. गणितवाले असतात असे. बाकी बरं झालं.

सु. भांडी घासताना एक शब्द बोलली नाही. दमली असेल.

मंगळ., ४ फेब्रु.

मं. दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता. आज ऑफिसातून आला, शूज न काढता दारातच म्हणाला, "बाबा, तू काय बोललास तुला कळलं तरी का?"

खरंच कळलं नव्हतं. पाण्याचं म्हटल्यावरही एक मिनिट गेलं. मग कळलं.

मी म्हटलं, "अरे, सगळ्यांना म्हणतो मी. गॅसवाल्याला म्हणतो, डॉक्टरला म्हणतो. तुझे आजोबा म्हणायचे."

"सगळ्यांना म्हणालास. त्यांना म्हणायचं नव्हतं."

मग सांगितलं. प्रज्ञाने त्याला जे सांगितलं ते. सर लहानपणी शाळेत शिकत असताना माठाला हात लावायचा नाही, शिपाई वरून ओतायचा. शिपाई रजेवर असला की दिवसभर तहान. एकदा कुणाच्या तरी ओट्यावर पाणी मागितलं होतं. पुढे काय झालं ते सरांनी मुलीलाही सांगितलेलं नाही. तेव्हापासून पिशवीत बाटली. कुणाच्याही घरी जायचं असलं की खाली गेटपाशी पोटभर पाणी पितात, मग वर जातात. वर कुणी विचारलं तर खरंखरं सांगता येतं, आत्ताच प्यायलो. समोरच्यावर वेळच येऊ द्यायची नाही.

म्हणजे परवा आमच्या गेटपाशीही प्यायले असणार.

विचारलं, "सर काय म्हणाले?"

"काही नाही. थोडे दिवस जाऊ दे म्हणाले. प्रज्ञा म्हणते, बाबांना नको असेल तर ती नाही करणार लग्न."

उचलली जीभ लावली टाळ्याला. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाची, आणि भोगायचं पोराने.

बुध., ५ फेब्रु.

सकाळपासून स्वतःची वकिली करत होतो. मनात काही नव्हतं. मस्करी होती. हेतू बघा ना. वकीलबाईंनी उलटतपासणी घेतली असती तर दोन मिनिटांत पडलो असतो.

दुपारी आडवा झालो आणि पडवी आठवली. गावच्या घराची. वाशाच्या खाचेत एक कपबशी असायची. निळा काठ, कान तुटलेला. गावात निरोप पोचवणारा एक म्हातारा यायचा, तो खाली अंगणात बसायचा. आई म्हणायची, ती कपबशी दे त्याला. चहा मी ओतायचो, वरून. पिऊन झालं की तो स्वतः विसळून खाचेत ठेवायचा. मे महिन्याच्या सुट्टीत हे काम माझंच असायचं. मला आवडायचं, किटली हातात मिळायची म्हणून.

पन्नास वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं.

त्याचं नाव आठवायचा प्रयत्न केला. येईना. मग लक्षात आलं, आम्ही गावातल्या कुत्र्यामांजरांनासुद्धा नावं ठेवली होती. त्याला ठेवलेलं कधी ऐकलं नाही.

सु.ला सांगितलं. ती म्हणाली, "आमच्याकडे करवंटी होती." आणि तांदूळ निवडत राहिली.

शुक्र., ७ फेब्रु.

कट्ट्यावर परबला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मासे घेवन जा. सॉरी-बिरी काय एक म्हणूक नको. वायच बरी सुरमय दी, दोन पापलेटां दी. माणूस समाजता."

आमच्यात असंच आहे. भावाशी जमिनीवरून तीन वर्षं अबोला होता, तो एका हलवा माशाने मिटला. तोंडाने कोणी काही बोललं नाही, आजतागायत.

सु. म्हणाली, "आधी फोन करा." फोन करून मासे कोण नेतं?

रवि., ९ फेब्रु.

पहाटे वर्सोव्याला. कोळणीने भाव ऐकवला, मी तिला दोन ऐकवले, तिने मला चार ऐकवले, मजा आली. सहा पापलेटं, एक सुरमई, थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून. गोरेगावला येऊन आरेतून मुलुंडला जाणारी बस धरली. डबा मांडीवर. तबेल्यांच्या बाजूने बस जात होती तोवर वासाची जबाबदारी म्हशींवर गेली. पुढे पवईपासून शेजारच्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या.

सर घरी नव्हते, एका विद्यार्थ्याकडे गेलेले. कुसुमताईंनी दार उघडलं. डबा पुढे केला. त्यांनी उघडून पाहिलं आणि पाहतच राहिल्या. "भाऊ, एवढं कशाला आणलं?" आवाज असा की आता ह्याचं करू काय. मी पाच मिनिटं बसलो. काय बोलायचं ते मासे बोलतील असं ठरवून आलो होतो. मासे काही बोलले नाहीत.

त्यांनी पाणी विचारलं. मी घाईत होतो, म्हटलं, "नको नको, आत्ताच..." आणि तिथेच जीभ थांबली. मग मागून घेतलं आणि प्यायलो. त्या माझ्याकडे बघत होत्या.

घरी आल्यावर मं. डोक्याला हात लावून बसला. "बाबा, ते मटण खातात. मासे नाही. आईला तर काट्याची भीती वाटते." आई म्हणजे प्रज्ञाची. आत्ताच आई म्हणतो, मग हे लग्न व्हायलाच पाहिजे.

हात दाखवून अवलक्षण.

सोम., १० फेब्रु.

सरांचा मेसेज: 'मासे मिळाले. आभारी आहे.' पुढे पूर्णविराम.

दिवसातून सात-आठ वेळा वाचला. आमच्या नातेवाइकांत कोणी आभारी आहे म्हणालं की समजायचं, संबंध संपले. सु. म्हणते, त्यांच्याकडे कदाचित आभारी आहे म्हणजे आभारी आहे एवढंच असेल.

शनि., २२ फेब्रु.

दोन आठवडे काही नाही. मं. जेवतो आणि खोलीत जातो. प्रज्ञा मधे आली होती, मं.ची फाइल द्यायला. दारातूनच. मी म्हटलं, "या वकीलबाई." ती हसली, पण म्हणाली, "येते काका." नेहमी 'फितूर' म्हणते.

खरं लिहायचं तर मला भीती वाटली. पोराचं लग्न मोडेल ही आहेच. पण ह्या पोरीने मला परत कधी फितूर म्हटलं नाही तर, ही जास्त.

मासे झाले. आता तोंडाने बोलायला हवं. मला येत नाही ते. सरांना फोन लावला. म्हटलं, भेटायचंय. ते म्हणाले, "या. मी सकाळी सात वाजता बागेत चालायला असतो."

रवि., २३ फेब्रु.

मुलुंडची बाग. सर फेऱ्या मारत होते. म्हणाले, "आठ असतात माझ्या. दोन झाल्यात." मी बरोबर चालायला लागलो. बरंच झालं, चालताना तोंडाकडे बघावं लागत नाही.

चौथ्या फेरीला म्हटलं, "सर, त्या दिवशी पाण्याचं बोललो ते चुकलं माझं. फार चुकलं." आणखी बरंच पाठ करून गेलो होतो, कपबशीचंसुद्धा. काही आलं नाही तोंडात.

सरांनी अर्धी फेरी पुरी केली. मग म्हणाले, "तावडे साहेब, तुम्ही विचार न करता बोललात हे मला त्याच क्षणी कळलं होतं. राग नाही आला. पण असं विचार न करता बोलता येणं..."

वाक्य तिथेच ठेवलं. पुढच्या फेरीला मोठ्याने म्हणाले, "पाच." मला वाटलं, विषय संपला. आठव्या फेरीनंतर बाकावर बसले. "कुसुमला जास्त लागलंय. तिच्याशी बोलाल?"

गेलो. कुसुमताई ओट्यापाशी उभ्या होत्या. त्यांना मी सगळं सांगितलं, ह्या वेळी कपबशीसकट. त्यांनी गॅस बंद केला. म्हणाल्या, "भाऊ, मी त्या दिवशी उठूनच जाणार होते. ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला म्हणून बसले. पोरीसाठी बसले." मग डोळे पुसले आणि चहा ठेवला.

त्याआधी पाणी दिलं. दोन ग्लास प्यायलो. दुसरा नको होता.

मला वाटायचं, सॉरी म्हणणं म्हणजे परक्यांचं काम. आपल्या माणसात शब्द कशाला. पण ह्यांच्या वाट्याला आजवर काही न बोलता मिटवून टाकलेलंच आलंय. शब्दच हवे होते.

रवि., २ मार्च

सरांचा मेसेज: 'पुढील बोलणी करण्यास हरकत नाही.' मं.ने मला मिठी मारली. दहावीनंतर पहिल्यांदा.

लग्न मे महिन्यात, बौद्ध पद्धतीने, मुलुंडच्या हॉलमध्ये. सु.ने कॅलेंडरवर गोल केला.

शनि., १५ मार्च

घाटकोपरला कपडे खरेदी. दोन्ही घरं. लग्नात नवरानवरीला पांढरं लागतं. सु.ला पांढऱ्यातले अठरा प्रकार दाखवले गेले आणि तिने अठराही उलगडायला लावले.

मी आता सरांशी जपून बोलतो. वाक्य आधी मनात म्हणून बघतो, मग तोंडातून काढतो. "बसा सर." "हो सर." "आपण म्हणाल तसं." सु. कानात म्हणाली, "बँकेत आलाय का लोन मागायला?"

साड्या बघताना सर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. अगदी गंभीर चेहरा. "तावडे साहेब, तुम्ही आणलेल्या माशांमुळे एक झालं. आमच्या मजल्यावरच्या चारही शेजाऱ्यांशी संबंध सुधारले."

मला वाटलं, तक्रार आहे. मी म्हटलं, "सॉरी सर, आधी विचारायला हवं होतं." ते माझ्याकडे बघत राहिले, मग "असू द्या" म्हणून पलीकडे गेले.

रवि., १६ मार्च

सकाळी दात घासताना कळलं. तो विनोद होता!

मासे शेजाऱ्यांना वाटले. म्हणून संबंध सुधारले. ब्रश तोंडात असताना हसलो, सगळा आरसा खराब झाला. सु. धावत आली. तिला सांगितलं तर म्हणाली, "मला कालच कळलं होतं."

आमचा विनोद म्हणजे लवंगी माळ. उडवणाराच आधी हसतो. ह्यांचा एका दिवसाने पोचतो, आणि पाठवणाऱ्याच्या चेहऱ्यावर रेघ हलत नाही. मी मात्र त्यांना माफी मागून पाठवलं. त्यांचाही न चाललेला. मला वाईट वाटलं.

सोम., ३१ मार्च

काल पाडवा. आज कट्ट्यावर परब म्हणाला, "तुझ्या तोंडाक काय झालांहा? कुलूप घातलंस?" मं. म्हणतो, घरात शांतता आहे, बरं वाटतं, पण सवय नाही.

विनोद सुचतो. पण सुचल्यावर तो मी उलटा करून बघतो, खाली काय चिकटलंय ते. बऱ्याच वेळा काहीतरी असतंच. परबच्या मानेचंसुद्धा आहे, त्याला स्पाँडिलायटिस आहे. त्याला विचारलं, "तुला कधी वाईट वाटलं का रे?" तो म्हणाला, "मेल्या, तू माका पाच कमी बारा म्हणणां सोडलंस तर माका वाईट वाटतला."

म्हणजे नियम असा एकच नाही.

सोम., १४ एप्रिल

जयंती. सरांनी बोलावलं होतं. मुलुंडला खाली मंडप, निळे झेंडे, लाउडस्पीकर. सु. पांढरी साडी नेसली, तिला कुणी सांगितलं नव्हतं.

घरात वीसेक माणसं. आणि काय गोंधळ! मला वाटलं होतं, सगळे सरांसारखे. कुसुमताईंचे भाऊ परभणीहून आलेले, त्यांनी सरांची अशी काढली की परबने वही घेऊन बसावं. सर पहिल्या पगाराची साडी आणायला गेले आणि बायकोला आवडेल की नाही ह्याचं गणित मांडत दुकान बंद होईपर्यंत बसले. सगळी खोली हसतेय, सर खाली मान घालून खीर खातायत, कान लाल. मधेच शांतपणे म्हणाले, "उत्तर बरोबर आलं होतं. दुकान चुकीच्या वेळी बंद झालं." परत हशा.

मी कोपऱ्यात खुर्चीवर, हात मांडीवर. कुसुमताईंचे भाऊ म्हणाले, "व्याही लईच सोज्वळ मिळाले तुम्हाला." प्रज्ञाला खीर गिळता येईना.

निघताना सर खालपर्यंत आले. लाउडस्पीकरमुळे मोठ्याने बोलावं लागत होतं. म्हणाले, "प्रज्ञाला तुम्ही नाव ठेवलंय."

म्हटलं, "हो. म्हणजे, गमतीने. तुम्हाला आवडत नसेल तर..."

"तुमच्या मित्राला आहे. सेक्रेटरीला आहे. कोळणीलाही ठेवलंत म्हणे."

"हो."

"मला नाही."

मी रस्त्याकडे बघायला लागलो. रिक्षा आली. सु. बसली. सर हात वर करून उभे होते.

शुक्र., १८ एप्रिल

चार दिवस तेच डोक्यात. मी समजत होतो, मी मान देतोय. माझं ते सर-सर, आपण-आपण. पडवीतल्या म्हाताऱ्यालाही कुणी कधी वेडंवाकडं बोललं नव्हतं. चांगलंच बोलायचे सगळे. लांबून.

नावं सुचवून बघतो. 'आठ फेऱ्या'. 'पूर्णविराम'. 'उद्याची डाक', त्यांचे विनोद दुसऱ्या दिवशी पोचतात म्हणून. हे बरं आहे. पण तोंडावर म्हणायची हिंमत होत नाही. उलटं करून बघितलं, खाली काही चिकटलेलं दिसत नाही. पण मागच्या वेळीही दिसलं नव्हतं.

रवि., २७ एप्रिल

साळवे पतिपत्नी आले. लग्नाची यादी करायला. लिफ्ट परत बंद.

मी गॅलरीत उभा होतो. खाली गेटपाशी कुसुमताई थांबल्या, सरांनी पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडलं, तोंड वर केलं. मी आत सरकलो. आपण बघितलं हे त्यांना दिसायला नको असं वाटलं. चार मजले चढून येईपर्यंत दाराच्या आत उभा राहिलो.

बसले. सु. पाणी घेऊन आली. कुसुमताईंनी ग्लास घेतला. सर म्हणाले, "नको, आत्ताच प्यायलो."

मं. माझ्याकडे बघतोय. सु. ट्रे घेऊन उभी. कुसुमताईंचा ग्लास ओठाशी थांबला.

मी म्हटलं, "बरं." सु.ला खूण केली. ती वळली.

"बरं?" सर म्हणाले. "बस, एवढंच?"

"तुम्ही नको म्हणालात म्हणून..."

"मी पंचावन्न वर्षं नको म्हणतोय, तावडे साहेब. शाळेत, पालकांकडे, हेडमास्तरांकडे. सगळे बरं म्हणतात. ट्रे आत जातो. का नको, हे तोंडावर विचारणारे तुम्ही एकटे. तेही चुकून." चेहऱ्यावर रेघ नाही. आवाज वर्गात प्रमेय समजावत असल्यासारखा.

मला कळेना, हा टोमणा, का माफी, का विनोद. कुसुमताईंकडे बघितलं. त्या नवऱ्याकडे बघत होत्या, त्यांनाही कळलं नव्हतं बहुतेक.

मी विचारलं. ह्या वेळी गमतीने नाही. म्हटलं, "सर, का नको?"

सरांनी पिशवीतून बाटली काढून टीपॉयवर ठेवली. स्टीलची, पोचे आलेली. तळाशी घोटभर उरलेलं.

"परतीच्या वाटेला लागते," म्हणाले. "भरून द्याल?"

सु. पुढे झाली. मी म्हटलं, थांब. बाटली मी घेतली. आत गेलो, घोटभर होतं ते ओतायला बेसिनवर वाकवली आणि थांबलो, त्यांच्या घरचं होतं. ओतलं नाही. वरून आमचं भरलं, काठोकाठ. झाकण लावताना थोडं सांडलं. बाहेर आणून दिली. त्यांनी बाटली पुसली, पिशवीत ठेवली आणि म्हणाले, "यादी काढू या. तुमच्याकडचे किती?"

ट्रेमधला ग्लास तसाच राहिला. त्यांनी उचलला नाही, मी म्हटलं नाही.

तास दोन तास यादी चालली. परबचं नाव आल्यावर सरांनी विचारलं, "पत्रिकेवर पाच कमी बारा घालायचं का?" मं. हसला, प्रज्ञाला तिथूनच फोन लावून सांगितलं. मला हसू आलं, वेळेवर, तिथल्या तिथे. 'उद्याची डाक' जिभेवर आलं. परत गेलं.

ते उतरायला लागल्यावर मी गॅलरीत गेलो. ह्या वेळी मागे सरकलो नाही. सर गेटपाशी पोचले, थांबले, वर बघितलं. मी हात केला. त्यांनी हात केला. पिशवीवर एक हात होता. मग रिक्षा आली.

सोम., २८ एप्रिल

सकाळी दात घासताना विचार केला. मग दाढी करतानाही. कालचं कळलेलं नाही.

रिक्षात प्यायले असतील का ते पाणी? प्रज्ञाला विचारलं तर सांगेल. वकीलबाईच ती. फोन हातात घेतला, ठेवला.

लग्नाला तेरा दिवस.